चार श्रम संहिता: कोकणातल्या छोट्या कारखान्यात नक्की काय बदललं?

खाडीकाठ
२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. २९ केंद्रीय कायदे गेले, त्यांच्या जागी वेतन संहिता २०१९ आणि २०२० च्या तीन: औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा. भारतीय मजदूर संघाने स्वागत केलं, बाकीच्या दहा केंद्रीय संघटना २६ नोव्हेंबरला रस्त्यावर उतरल्या. टीव्हीवरची सगळी चर्चा मात्र ३०० कामगारांच्या मर्यादेभोवती. आपल्याकडे ३०० माणसं एका छपराखाली किती ठिकाणी असतात?

म्हणून एक नमुना घेऊ. बंदराजवळचा मासळी प्रक्रिया कारखाना. हजेरीपटावर ३८. शिवाय दोन ठेकेदारांची ३५-३५ माणसं, जवळजवळ सगळ्या बायका, कोळंबी सोलायला, किलोवर. या १०८ जणांना नव्या कायद्यात काय मिळतं आणि काय जातं?

माझं मत आधीच सांगतो: हा कायदा चाकण-पुण्यासाठी लिहिलाय. कोकणात तो हजेरीपटाच्या शेवटच्या ओळीवर अडतो.

लोटेकर
३०० चा मुद्दा इतका झटकू नका. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असतील तर कामगार कपात किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. आता ३००. लोटे, महाड, रोह्याला १०० ते ३०० मधले रासायनिक कारखाने आहेत, त्यांच्यासाठी मोठा फरक आहे. स्थायी आदेशांचंही तेच, केंद्रीय कायद्यातले १०० चे ३००. म्हणजे २५० च्या कारखान्यात शिस्तभंगाची पद्धत काय, कुठल्या चुकीला कुठली शिक्षा, हे लिहून लावण्याची सक्तीच उरली नाही.

हापूस_कॅन
परवानगी गेली म्हणजे भरपाई गेली असं नाही. एका वर्षाला १५ दिवसांचा पगार आणि एक महिन्याची नोटीस आहेच. वर पुनर्कौशल्य निधीत प्रत्येक कमी केलेल्या कामगारामागे १५ दिवसांचा शेवटचा पगार मालकाने भरायचा, आणि कपात झाल्यापासून ४५ दिवसांत तो कामगाराच्या खात्यात जायचा. हे आधी नव्हतं.

खरी गंमत खालच्या आकड्यांत आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात वीज वापरून १० आणि विजेशिवाय २० माणसांना 'कारखाना' धरायचे. आता २० आणि ४०. आधी काजूवाले, कोकमवाले कागदावर नऊच माणसं दाखवायचे आणि दहाव्याला 'पाहुणा आलाय' म्हणायचे. निदान ते नाटक तरी थांबेल.

चिरेबंदी
आता एकोणीस दाखवतील. पाहुणे वाढले.

वेंगुर्ला_काजू
:)) पण एक गैरसमज पसरलाय तो काढू या. 'कारखाना' नाही म्हणजे कायदा नाही, असं नाही. व्यावसायिक सुरक्षा संहितेत 'आस्थापना' वेगळी आणि 'कारखाना' वेगळा. १० माणसं झाली की आस्थापना. नेमणूकपत्र, दिवसाला आठ तास, दुप्पट दराने ओव्हरटाइम, पगारी रजा, हे आस्थापनेला लागू आहे. १४ बायकांचं काजू युनिट 'कारखाना' नसेल, तरी सोलणीवालीला नेमणूकपत्र द्यावंच लागेल.

रजेचं तर सोपं झालंय. आधी वर्षात २४० दिवस भरले तरच रजा, आता १८०. वीस दिवसांमागे एक रजा. काजूत बी संपली की काम मंदावतं, २४० कुणाचे भरायचेच नाहीत. १८० भरतात.

पेंशनर_नाना
नेमणूकपत्र म्हणजे काय द्यायचं असतं? आमच्या काळी मुकादम म्हणायचा "सोमवारपासून ये", तेच नेमणूकपत्र.

लेखापाल_चिपळूण
नाना, आता 'सोमवारपासून ये' चालत नाही. नाव, पद, कामाचा प्रकार, पगाराचे घटक, रुजू होण्याची तारीख, पीएफ आणि ईएसआयचे क्रमांक, एवढं तरी पत्रात हवं. आणि प्रत तिच्या हातात. फाइलमध्ये लावून 'दिलं' म्हणायचं नाही.

पगाराच्या व्याख्येवर लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. संहितेत 'वेतन' म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि असल्यास रिटेनिंग भत्ता (काम बंद असतानाही माणूस टिकून राहावा म्हणून दिलेला). घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम, कमिशन, बोनस वगैरे बाहेर. पण बाहेरच्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेली तर वरचा भाग परत वेतनात मिळवायचा.

उदाहरण. एकूण २०,०००. मूळ ७,०००, घरभाडे ७,०००, प्रवास ६,०००. बाहेरचे १३,००० होतात. निम्मे १०,०००, म्हणून ३,००० परत आत. वेतन झालं १०,०००. पीएफ आधी ७,००० वर ८४० कापला जायचा, आता १,२००. हातात ३६० कमी, पण मालकालाही ३६० जास्त भरावे लागतात. ग्रॅच्युइटी वर्षाला ७,००० × १५ ÷ २६ म्हणजे ४,०३८ होती, ती ५,७६९ झाली.

आणि इथे बहुतेक सल्लागार चुकतात: 'स्पेशल अलाउन्स' नावाचा भत्ता वगळण्याच्या यादीत नाही. तो आहे म्हणजे वेतनातच. निम्म्याचं गणित करण्याआधीच तो आत घ्यायचा.

कुडाळी
हातात येणारा पगार सगळ्यांचा कमी होणार असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय ते?

लेखापाल_चिपळूण
सगळ्यांचा नाही. पीएफची कायदेशीर मर्यादा १५,००० वेतनाची आहे. ज्यांचा पीएफ आधीच १५,००० वर, म्हणजे १,८०० कापला जातो, त्यांना काही फरक नाही. फरक पडतो तो ७-८ हजार मूळ दाखवून बाकी भत्त्यांत टाकलेल्यांना. मालकाच्या पोटात गोळा येतो तो ग्रॅच्युइटीने. ती शेवटच्या पगारावर आणि सगळ्या वर्षांची असते. वीस वर्षं झालेल्या माणसाची मागची वीसही वर्षं नव्या आकड्याने गुणायची.

कुडाळी
अरे बाबा, येवढा समजवलास, आता आमच्या सुपरवायझराक कोण समजवतलो? तो अजून 'संहिता' म्हणजे कुणाची तरी चेडू (मुलगी) समजता.

बंदरवेडा
मला संपाचं विचारायचं होतं. १४ दिवसांची नोटीस आता सगळ्यांनाच?

लोटेकर
सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना. पूर्वी ती सार्वजनिक उपयोगी सेवांपुरती होती. आता नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप नाही, आणि नोटीस दिली की ६० दिवसांत करायचा. खरी गोम पुढे आहे. नोटीस मिळाली की समेट अधिकारी, म्हणजे तडजोड घडवणारा सरकारी माणूस, बैठक लावतो. पहिली बैठक झाली की समेट सुरू झाला असं मानतात, आणि समेट चालू असताना व संपल्यावर सात दिवस संप बेकायदा. अधिकाऱ्याने दहाव्या दिवशी बैठक लावली की तुमचे १४ दिवस भरायच्या आतच दार बंद. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर तिथला निकाल आणि वर ६० दिवस. कागदावर संपाचा हक्क शाबूत आहे, तारीख तेवढी सापडत नाही. बेकायदा संपाला कामगाराला हजार ते दहा हजार दंड, किंवा महिनाभर कैद, किंवा दोन्ही.

कोकम_सरबत
आणि त्या व्याख्येत म्हणे निम्म्या लोकांनी एकदम रजा टाकली तरी संप. मग गणपतीत काय करायचं हो? आख्खी शिफ्ट गौरी विसर्जनापर्यंत गायब असते. सगळा जिल्हाच बेकायदा संपावर!

चिरेबंदी
शिमग्याला दुसरा संप. पालखी दारात आली म्हणजे समेट अधिकारी पण पालखीच्या मागे.

लोटेकर
हसा, पण वाचा. शब्द आहे ठरवून, संगनमताने घेतलेली नैमित्तिक रजा. एका दिवशी ५० टक्के किंवा जास्त. मंजूर झालेली सणाची रजा संगनमत होत नाही. तंटा होतो तो अर्ज न देता घरी बसलेल्यांचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पगारवाढीची बोलणी चालू असतील आणि त्यात गणपतीच्या आदल्या दिवशी ६० टक्के गैरहजर, तर मालकाच्या वकिलाला आयतं कोलीत. म्हणून कोकणातल्या युनियननी दोन गोष्टी कराव्यात. एक, गणपतीच्या सुट्ट्या साप्ताहिक सुट्टीच्या बदल्यात आधीच लेखी ठरवून घ्याव्यात. दोन, रजेचा अर्ज ज्याचा त्याने स्वतंत्र द्यावा, पोच घेऊन. एकाच कागदावर शंभर सह्या केल्यात तर संगनमताचा पुरावा तुम्हीच दिलात.

पेंशनर_नाना
संपावरून गिरणीचा संप आठवला. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाख गिरणी कामगार, त्यात निम्मं कोकण. मनीऑर्डरी थांबल्या तेव्हा गावच्या पोस्टमनला समजलं, संप कसा चाललाय ते.

बंदरवेडा
नाना, तो संप या धाग्यात नेमका बसतो. तेव्हा १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन होती. लोक सामंतांच्या मागे, पण वाटाघाटीचा कायदेशीर हक्क दुसऱ्याकडे. आता 'एकमेव वाटाघाटी युनियन' आली आहे, हजेरीपटावरचे ५१ टक्के जिच्याकडे तिला. कुणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद, दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. एका अर्थी बरं आहे, चार युनियनची चार मागणीपत्रं नकोत. पण 'हजेरीपटावरचे' हा शब्द बघा. खाडीकाठच्या कारखान्यात हजेरीपटावर ३८. सोलणाऱ्या ७० बायका ठेकेदाराच्या पटावर. ५१ टक्के कशाचे धरायचे?

लोटेकर
३८ चेच. २० जणांची युनियन सगळ्या कारखान्याच्या नावाने बोलेल. कंत्राटी बायकांना ठेकेदाराशीच बोलायचं. महाराष्ट्राचा १९७१ चा मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा आहे, त्यात ३० टक्क्यांवर युनियन मान्यता मागू शकायची. तो राज्याचा कायदा, रद्द झालेल्या २९ च्या यादीत नाही. केंद्राचे ५१ आणि राज्याचे ३० एकत्र कसे नांदतील यावर वकिलांची पुढची दहा वर्षं मजेत जाणार.

हापूस_कॅन
सगळे कामगारांच्या बाजूने लिहिताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. एक नोंदणी, एक परवाना, एक विवरणपत्र. आधी कारखाने, कंत्राटी, बोनस, प्रत्येकाचं वेगळं रजिस्टर आणि प्रत्येकाचा वेगळा इन्स्पेक्टर. आता तो 'निरीक्षक तथा सुलभकर्ता', तपासणी संगणकाने निवडलेली. पहिल्यांदा चूक सापडली तर फक्त दंड असलेल्या गुन्ह्यात कमाल दंडाच्या निम्म्यावर तडजोड करता येते. आंब्याचा हंगाम अडीच महिन्यांचा. त्यात चार दिवस साहेबाच्या पाहुणचारात गेले की पल्प आंबतो.

चिरेबंदी
आंबा आंबला तरी त्याचा माल होतो, साहेब आंबला तर नाही.

वेंगुर्ला_काजू
हापूस_कॅन, हंगामी कारखान्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांचा पगार, आणि कारखाना जितके दिवस चालला त्याच्या ७५ टक्के दिवस भरले तर ते वर्ष सलग धरतात. पाच हंगाम भरलेल्या बाईला ५२० रुपये रोजाने ३,६४० × ५ = १८,२०० बसतात. देणारा मालक विरळा, कारण मागणारीला माहीत नसतं. आणि 'पाऊस पडला, कॅनिंग बंद, हिशोब गणपतीला' हे आता चालत नाही. कामावरून कमी केलं किंवा स्वतः सोडलं तरी दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार.

खाडीकाठ
आणि मुदतीच्या नेमणुकीवर एका वर्षात ग्रॅच्युइटी, ती?

लेखापाल_चिपळूण
आहे, पण 'करारात एक वर्ष सेवा' अशी अट आहे. करार तर आपल्याकडे ११ महिन्यांचा. हजेरीपट उघडून बघा: मार्चअखेर ओळ संपते, पुढचे चार दिवस पेन्सिलने 'ब्रेक', पाच तारखेला तेच नाव, खाली नवा अनुक्रमांक. पेन अकरा महिने चालतं, पेन्सिल चार दिवस. मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्यायच्या असं कायदा म्हणतो, हे चांगलंच. पण एकच काम वर्षानुवर्षं ११ महिन्यांच्या तुकड्यांनी करून घेण्याला कमाल मर्यादाच ठेवलेली नाही. सुधारणेतली सगळ्यात मोठी फट हीच, ३०० ची नाही.

हापूस_कॅन
हे मात्र मान्य. पेन्सिल आमच्याकडेही आहे.

तांडेल७
खलाशांचं कुणी बोलत नाही. बोटीवर, बागेत राखणीला नेपाळी माणसं असतात. 'आंतरराज्य स्थलांतरित कामगारा'ला आता स्वतःहून आलेलासुद्धा धरतात, पगार १८,००० पर्यंत, गावी जायचा-यायचा एकरकमी प्रवासखर्च. चांगली तरतूद. पण व्याख्या 'एका राज्यातून दुसऱ्या राज्यात' अशी आहे. नेपाळ हे राज्य नाही, देश आहे. तो त्यात बसत नाही. शिवाय हा भाग असे स्थलांतरित १० किंवा जास्त असतील तिथेच. ट्रॉलरवर एकूण माणसं सात-आठ, पर्ससीनवर (मोठ्या घेराच्या जाळ्याची बोट) २५-३०. म्हणजे परराज्यातले दहा असतील तर पर्ससीनवरच्या झारखंडच्या पोराला प्रवासखर्च, शेजारच्या ट्रॉलरवरच्याला उचलीतून वजावट.

वेंगुर्ला_काजू
किमान वेतन मात्र नेपाळ्यालाही. पूर्वी ते यादीतल्या उद्योगांपुरतं होतं, वेतन संहितेत सगळ्या नोकऱ्यांना. राखणदाराला फेब्रुवारी ते मे महिन्याला ठरीव रक्कम देऊन दिवसरात्र बागेत ठेवणाऱ्यांनी रोज भागून बघावा.

बंदरवेडा
रात्रपाळीचं राहिलं. बायकांना रात्री कामाला परवानगी, यावर फार गदारोळ झाला. पण मासळीत ते नवीन नाही. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ मध्येच मासे टिकवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना सूट देता यायची, कारण बोट संध्याकाळी लागते आणि कोळंबी सकाळपर्यंत थांबत नाही. आता फरक इतकाच की बाईची संमती हवी आणि सुरक्षेची जबाबदारी मालकावर. संमती छापील फॉर्मवर घेऊन टाकतील. प्रश्न रात्री दोनला काम संपल्यावर घरी सोडायला गाडी आहे का हाच. शेवटची एसटी साडेआठला गेलेली असते.

लोटेकर
रासायनिकवाल्यांसाठी एक वाईट बातमीही. जुन्या कायद्यात कलम ४१-जी प्रमाणे घातक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती सक्तीची, माणसं कितीही असोत. आता सरकार आदेश काढेल तिथे. सुरक्षा अधिकारी घातक कारखान्यात २५० पासून. ६० माणसांच्या युनिटमध्ये रिअॅक्टरचा व्हेंट, म्हणजे वायू बाहेर पडायची वाट, तुंबला तर सांगायचं कुणाला? स्फोट हजेरीपट मोजून होत नाही.

खाडीकाठ
धागा मिलपासून पालखीपर्यंत गेला. माझ्या १०८ वर कुणी एकदा सरळ सांगेल का?

लेखापाल_चिपळूण
घ्या. सुरक्षेच्या संहितेत ठेकेदारामार्फत आलेलाही कामगारच, म्हणून कारखाना १०८ चा. पन्नासच्या वर असल्याने पाळणाघर. पूर्वी ३० पेक्षा जास्त बायका असल्या तर. कंत्राटी धरून १०० झाले म्हणून कँटीन. पूर्वी २५० च्या वर. हे दोन्ही बायकांच्या फायद्याचे, आणि दोन्ही मागितल्याशिवाय येणार नाहीत.

कंत्राटी प्रकरण ५० पासून. ठेकेदार ३५-३५ चे म्हणून त्यांना परवाना लागत नसला तरी मूळ मालकाकडे ७० आहेत, तो सुटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर मालकाने द्यायचा. कोळंबी सोलणं हे या कारखान्याचं मुख्य काम आणि मुख्य कामात कंत्राटी माणूस घ्यायला बंदी आहे. मालक अपवाद पुढे करेल: 'हे काम नेहमी ठेकेदाराकडूनच होतं' किंवा 'माल अचानक वाढतो'. दुसरा अपवाद सप्टेंबर-ऑक्टोबरला एक वेळ पटेल. बारा महिने तोच ठेका असेल तर 'अचानक' कसलं?

हजेरीपटावर २० च्या वर म्हणून तक्रार निवारण समिती. दोन्ही बाजूंचे समान सदस्य, जास्तीत जास्त दहा, बायकांचं प्रमाण कामगारांतल्या प्रमाणाइतकं तरी. तक्रार एका वर्षाच्या आत, निर्णय ३० दिवसांत. आणि कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त सहमत नसतील तर तो निर्णयच नाही. या कलमाकडे युनियनवाल्यांचंही लक्ष नाही, सगळे संपाच्या कलमावर अडलेत.

३०० ची दोन्ही कलमं या कारखान्याला जुन्या १०० नेही लागली नसती. तुमचे ३८.

खाडीकाठ
म्हणजे जातं फारसं काही नाही, मिळतं ते पाळणाघर, कँटीन, नेमणूकपत्र, पूर्ण हिशोब. आणि तरी सोलणारीच्या हातात पडेल ते किलोचा दर ठरेल तेवढंच. माझं पहिलं मत अर्धं मागे घेतो.

वेंगुर्ला_काजू
किलोच्या दराचंही बघा. किलोवर काम असलं तरी दिवसाची किमान मजुरी पडलीच पाहिजे. वहीत फक्त किलो लिहितात, वेळ लिहीत नाहीत. बर्फ उशिरा आला म्हणून दोन तास बसवून ठेवलं तर ते तास कुठेच दिसत नाहीत. आलेली-गेलेली वेळ वहीत लिहून मागा, बाकीचं गणित त्यावरच होतं.

कुडाळी
तुमी वेळ लिवक सांगतास, थय तिसरो ठेकेदार येऊक लागलो. ३५-३५ चे आता २३-२३-२४.

लेखापाल_चिपळूण
येऊ दे. बेरीज ७०.